पेटीची किल्ली

कारखान्यात शिरलं की डाव्या हाताला ही भिंत. काचेच्या चौकटीत कंपनीचं मानवाधिकार धोरण लावलंय, खाली मोठ्या साहेबांची सही. शेजारी तक्रारपेटी, आणि छतातला कॅमेरा बरोब्बर पेटीवरच रोखलेला. किल्ली सुपरवायझरकडे असते. तक्रारही बहुतेक वेळा त्याच्याचबद्दल असते!

चौकटीतला मजकूर बहुतेक कंपन्यांचा सारखाच, कारण त्याचं मूळ एक आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९८ च्या जाहीरनाम्यात चार हक्क मूलभूत मानले: संघटना बांधून मालकाशी बोलणी करणं, आणि सक्तीची मजुरी, बालमजुरी व कामातला भेदभाव यांपासून मुक्ती. सुरक्षित कामाची जागा या यादीत यायला २०२२ साल उजाडलं.

तोवर बांगलादेशातला राणा प्लाझा पडून नऊ वर्षं झाली होती.

२३ एप्रिल २०१३. ढाक्याजवळच्या सावरमधल्या या आठ मजली इमारतीला तडे गेले. सगळ्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी खालची बँक बंद राहिली. वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना मात्र आत बोलावलं. आला नाहीत तर महिन्याचा पगार बुडेल, असं धमकावल्याचं वाचलेल्यांनी पुढे सांगितलं. सकाळी नऊच्या सुमारास इमारत कोसळली. १,१०० हून अधिक माणसं गेली.

राणा प्लाझातल्या काही कारखान्यांचं सामाजिक ऑडिट आधी झालेलं होतं. असं ऑडिट म्हणजे वयाचे दाखले, हजेरीपट, पगारपत्रकं तपासायची. खांब किती भार पेलतील, हे त्यात बघतच नाहीत. तडे कामगारांना दिसले होते. पण त्यांची युनियन नव्हती, आणि एकट्यादुकट्याच्या ‘नाही’ला कोण विचारतो?

त्यानंतर महिन्याभरातच मोठे ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. कायद्यानं बांधणारा, हे महत्त्वाचं. तपासनीस स्वतंत्र, आणि धोका दिसला तर काम नाकारायचा हक्क कामगाराला. माझ्या मते ही एक ओळ त्या अख्ख्या चौकटीला भारी आहे.

आता समावेशाकडे, म्हणजे सगळ्यांना सामावून घेण्याच्या दाव्याकडे वळू. वार्षिक अहवालात हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो असतातच. आपण जिन्याशी जाऊ. इथे पाटी आहे, ‘आग लागल्यास लिफ्ट वापरू नये’. तिसऱ्या मजल्यावर व्हीलचेअरवर बसून काम करणाऱ्यानं मग काय करायचं? त्याला खाली कोण आणणार, कशावरून, त्याची तालीम कधी झाली, हे कुठेच लिहिलेलं नाही.

पुन्हा त्या भिंतीशी येऊ. एक बाई चौकटीची काच पुसताहेत. त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र निळं आहे, बाकीच्यांचं पांढरं. निळं म्हणजे कंत्राटी. छळाविरुद्धच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय करारात कंत्राटी कामगार, प्रशिक्षणार्थी, नोकरी मागायला आलेला माणूससुद्धा धरलाय. या काचेआडच्या धोरणात ‘आमचे कर्मचारी’ असा शब्द आहे. बाई तो शब्द रोज पुसतात. त्यात आपण येतो की नाही, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.