घड्याळ तेवढं पहिल्या दिवसाचं

(दृश्य : शेकोटीवरचं घड्याळ, अगदी जवळून.)

हे घड्याळ नीट बघून ठेवा. 'द माउसट्रॅप' हे रहस्यनाटक लंडनच्या वेस्ट एंडमध्ये, म्हणजे तिथल्या नाटकघरांच्या वस्तीत, पहिल्यांदा उभं राहिलं २५ नोव्हेंबर १९५२ रोजी, आणि ते अजून चालू आहे. त्या संध्याकाळीही हे घड्याळ शेकोटीवर होतं. त्या वेळच्या सामानातली टिकून राहिलेली ही एकच वस्तू. भिंती १९६५ मध्ये नव्या झाल्या, १९९९ मध्ये पुन्हा झाल्या. थिएटर बदललं, निर्माते बदलले. नटांची तर मोजदादच नको.

मूळची अजून एक गोष्ट आहे, पण ती दिसत नाही. नाटकात रेडिओवर बातम्या लागतात, तो आवाज डेरिक गायलर या नटाचा. ध्वनिमुद्रित. गायलर १९९९ मध्ये वारले. खुनाची बातमी मात्र अजून तेच देतात, आठवड्याला आठ प्रयोग.

(दृश्य : वेस्ट स्ट्रीट. सेंट मार्टिन्स थिएटर, दर्शनी पाटी.)

पाटीवर नाव अगाथा ख्रिस्तींचं, आणि ते रास्तच. सुरुवात झाली अर्ध्या तासाच्या नभोनाट्याने, 'थ्री ब्लाइंड माइस'. राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त बीबीसीने ते ३० मे १९४७ रोजी ऐकवलं. त्याचंच पुढे रंगमंचासाठी नाटक झालं. एकच सेट, आठ पात्रं, बाहेर बर्फ आणि आत अडकलेली माणसं. खर्चाच्या दृष्टीने निर्मात्याला याहून सोयीचं काय हवं?

निर्माते पीटर सॉन्डर्स. दिग्दर्शक पीटर कोट्स. नेपथ्य रॉजर फर्स यांचं. 'हॅम्लेट' चित्रपटाच्या कामासाठी ज्यांना ऑस्कर मिळालं होतं, तेच हे फर्स. आणि योगायोग बघा, नाटकाचं नावही 'हॅम्लेट'मधूनच आलं. नभोनाट्याचं नाव आधीच दुसऱ्या एका नाटकाने घेतलेलं, तेव्हा ख्रिस्तीबाईंचे जावई अँथनी हिक्स यांनी हे सुचवलं. हॅम्लेट काकासमोर जो खेळ लावतो, त्याला तो 'माउसट्रॅप' म्हणतो.

६ ऑक्टोबर १९५२ ला नॉटिंगहॅमच्या थिएटर रॉयलमध्ये पडदा उघडला, दौरा झाला, मग लंडन. ख्रिस्तीबाईंचा अंदाज होता, आठ महिने चालेल. सॉन्डर्स म्हणाले चौदा.

(दृश्य : १९५२ ची छायाचित्रं. रिचर्ड अटेनबरो, शीला सिम.)

पहिला डिटेक्टिव्ह सार्जंट ट्रॉटर रिचर्ड अटेनबरो यांनी केला, पहिली मॉली रॉल्स्टन त्यांच्या पत्नी शीला सिम यांनी. दोघांनी मिळून नफ्यात दहा टक्के वाटा घेतला होता, तोही आपल्या पगारातून पैसे कापून देऊन. त्या वाट्याचा शेवटचा भाग अटेनबरोंनी पुढे विकला, 'गांधी' चित्रपट पैशांअभावी बुडू नये म्हणून.

(दृश्य : प्रॉम्प्ट कॉर्नर. निळसर दिवा, उघडं पुस्तक, हेडसेट, दिव्यांची बटणं.)

आता विंगेत येऊ. खरं नाटक इथून चालतं.

हे प्रॉम्प्ट बुक. एका पानावर संहिता, समोरच्या पानावर पेन्सिलीच्या खुणा. पेन्सिलच, कारण खुणा बदलतात. नट कुठून येतो, कुठल्या शब्दावर वळतो, दिवा कुठल्या अक्षरावर जातो, सगळं इथे. पुस्तकासमोर बसते डेप्युटी स्टेज मॅनेजर. प्रेक्षकांनी तिचं तोंड कधी पाहिलेलं नसतं, पण तिने तोंड उघडल्याशिवाय रंगमंचावर दिवासुद्धा लागत नाही.

इंग्लिश थिएटरचा अर्धा तास पस्तीस मिनिटांचा असतो. पडदा साडेसातला असेल तर 'हाफ'ची हाक सहा पंचावन्नला जाते. वीस मिनिटं उरली की 'क्वार्टर', दहा उरली की 'फाइव्ह', आणि पाच उरली की 'बिगिनर्स', म्हणजे पहिल्या प्रवेशातले नट जागेवर. प्रत्येक हाकेत पाच मिनिटं लपवलेली आहेत. ती नटांसाठी नाहीत, पडद्यासाठी आहेत. हाफच्या आत नट हजर नसेल तर राखीव नटाचा पोशाख बाहेर निघतो.

इशारा दोन टप्प्यांत जातो. आधी 'स्टँडबाय', मग 'गो'. जिथे हेडसेट पोचत नाही तिथे दिवे आहेत. लाल लुकलुकला की तयार राहा. समोरच्याने बटण दाबून पोच दिली की लाल स्थिर होतो. हिरवा लागला की निघा. स्टँडबाय दिल्यानंतर हेडसेटवर 'गो' हा शब्द दुसऱ्या कुठल्याही कारणाने उच्चारायचा नाही. कुणी गप्पांच्या ओघात 'लेट्स गो' म्हणालं तर दिवे गेलेच समजा.

(दृश्य : भिंतीवरचं दिव्याचं बटण. त्यावर बोट.)

पहिल्या अंकाच्या शेवटी अंधारात खून होतो. एवढं सांगायला हरकत नाही. असा अंधार कसा रचतात ते बघा.

रंगमंचावरचं बटण बहुतेक वेळा खोटं असतं. त्याला तार नसते. नट बटण दाबतो आणि प्रकाश घालवतो तो वर बसलेला ऑपरेटर. दोघांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तरी प्रेक्षक हसतो, आणि रहस्यनाटकात चुकीच्या जागी आलेलं हसू पुढची दहा मिनिटं खातं. म्हणून नटाला शिकवतात : बोट बटणावर ठेव, दाब, आणि लगेच काढू नकोस. हात तिथेच राहिला की ऑपरेटरची चूक झाकली जाते. इशारा देणारी बाईसुद्धा शब्दाची वाट बघत नाही, खांद्याकडे बघते. हात उचलायच्या आधी खांदा हलतो.

काळोख पूर्ण कधीच नसतो. बाहेर पडण्याच्या दारांवरचे दिवे चालूच ठेवावे लागतात. पण उजेडातून एकदम अंधारात गेल्यावर प्रेक्षकांच्या डोळ्यांना सरावायला काही क्षण लागतात. सगळा कारभार तेवढ्या क्षणांत उरकायचा. लांबला तर आकृती दिसायला लागते, आणि आकृती दिसली की उंची दिसते. आठांत उंची कुणाची किती, हे प्रेक्षकाने पाऊण तास बघितलेलं असतं.

(दृश्य : जमिनीवर चमकणाऱ्या टेपचा नखाएवढा तुकडा.)

नटाला अंधारात वाट दाखवायला हा तुकडा पुरतो. मोठा लावला तर वरच्या गॅलरीला काजवे दिसतात.

गळा आवळण्यात जोर लावतो तो मरणारा. मारणाऱ्याची बोटं गळ्याच्या घाटीवर कधीच नसतात, तळवे हाडांवर टेकलेले असतात. मरणारा नट त्याची मनगटं धरून स्वतःकडे ओढतो. लांबून ते झटापटीसारखं दिसतं, आणि सोडवण्याची किल्ली त्याच्याच हातात राहते. प्रयोगाआधी ही झटापट रोज करून बघायची, आधी सावकाश, मग निम्म्या वेगाने. काल केली होती म्हणून आज सोडली, की कुणाचा तरी मणका दुखावतो.

आणि पडायचं कुठे? पडद्याच्या रेषेच्या आत. पाय बाहेर राहिले तर अंक संपताना जड पडदा घोट्यांवर उतरतो, आणि प्रेताला पाय ओढून घ्यावे लागतात.

(दृश्य : वरून लटकणारी कापडी झोळी. खिडकीबाहेर बर्फ.)

नाटकघरात बर्फ पाडायची जुनी सोय म्हणजे ही झोळी. दोन आडव्या दांड्यांमध्ये लांब कापड. एका बाजूला चिरा पाडलेल्या. एक दांडी स्थिर, दुसरी दोरीने हलवायची. आत कागदाचे कपटे, आगीला दाद न देणारे. दोरी एका लयीत ओढली तर बर्फ गठ्ठ्यांनी पडतो, म्हणून हात अडखळता ठेवायचा. खाली पडलेले कपटे झाडून पुन्हा वर भरायचा मोह होतो. भरण्याआधी चाळणी मारायची आणि लोहचुंबक फिरवायचं, नाहीतर बर्फाबरोबर स्क्रूसुद्धा पडतो.

बाहेरून येणाऱ्या पात्राच्या खांद्यावर बर्फ लागतो. तो प्रवेशाच्या अगदी आधी टाकायचा. लवकर टाकला तर विंगेतच झडतो आणि नट कोरडा आत येतो. मग बर्फाने रस्ते बंद झालेत हे कुणाला पटणार?

वाऱ्याचं यंत्र त्याहून साधं. पट्ट्यापट्ट्यांचा लाकडी पिंप, त्यावर ताणलेलं जाड कापड, आणि फिरवायला दांडा. वेग वाढवला की सूर चढतो. एकसारखा फिरवला तर वारा वाटत नाही, गिरणी वाटते.

(दृश्य : ड्रेसिंग रूम. आरशासमोर विणकाम करणारे हात.)

राखीव नटांबद्दल फारसं बोललं जात नाही. नॅन्सी सीब्रूक यांनी मिसेस बॉइलची राखीव नटी म्हणून पंधरा वर्षं काढली. ६,२४० प्रयोग. त्यातले ७२ त्यांनी प्रत्यक्ष केले. उरलेले सहा हजारांहून जास्त प्रयोग त्या तयार होऊन बसल्या. दुसऱ्या टोकाला डेव्हिड रेव्हन. मेजर मेटकाफ म्हणून ४,५७५ वेळा रंगमंचावर.

रेव्हन आणि संचातली नटी मायसी माँटे दोघंही अकरा वर्षांहून जास्त टिकले. त्यांच्यानंतर सॉन्डर्सनी दरवर्षी संच बदलण्याचा पायंडा पाडला, बहुधा नोव्हेंबरअखेरीस, वर्धापनदिनाच्या आसपास. जुनी नायिका आणि नवी नायिका मिळून केक कापतात. फोटो छान येतो. हेतू वेगळा होता.

वर्षभर तेच नाटक केलं की नट शेवट जाणून खेळायला लागतो. निष्पाप पात्र उगाच जरा संशयास्पद वागतं, कारण प्रेक्षकांतून कुजबुज ऐकू येते आणि ती गोड लागते. आठ जणांत संशय सारखा वाटलेला असतो. एकाने जास्त ओढला की उरलेले सात फिके. नाटक ताणलं जातं ते असं, पाव सेकंदा-पाव सेकंदाने. कुणालाच जाणवत नाही. घड्याळाला जाणवतं.

(दृश्य : वेस्ट स्ट्रीट. शेजारीशेजारी दोन थिएटरं.)

१९७४ मध्ये नाटक अ‍ॅम्बॅसडर्समधून शेजारच्या सेंट मार्टिन्समध्ये आलं. शनिवारी, २३ मार्चला तिथे शेवटचा प्रयोग. सोमवारी, २५ मार्चला इथे पहिला. मधे फक्त रविवार. एकही प्रयोग बुडाला नाही, म्हणून मोजणी तुटली नाही. वेस्ट एंडचा प्रयोग संपून सहा महिने होईपर्यंत इंग्रजीत चित्रपट करता येणार नाही अशी अट आहे. चित्रपट अजून निघालेला नाही. १६ मार्च २०२० ला कोविडने दारं बंद केली, १७ मे २०२१ ला उघडली.

(दृश्य : प्रेक्षक टाळ्या वाजवताना, पाठमोरे. मग रिकामा सेट.)

टाळ्यांनंतर एक नट पुढे येतो आणि खुनी कोण हे बाहेर कुणाला सांगू नका, अशी विनंती करतो. आपणही पाळू.

सामानाच्या टेबलावर प्रत्येक वस्तूभोवती टेपची चौकट आहे. रिकामी चौकट म्हणजे वस्तू हरवली. सगळ्या भरल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

(दृश्य : प्रॉम्प्ट कॉर्नर. लॅपटॉपवर बोटं. मागे घड्याळ.)

शेवटचं काम अहवाल. पडदा किती वाजता उघडला, प्रत्येक अंक किती मिनिटं चालला, काय चुकलं. पहिला अंक गेल्या आठवड्यापेक्षा दीड मिनिटाने लांबलेला निघाला, तर उद्या हाफच्या आधी एका नटाला बोलावणं जातं. दारात तो जरा जास्त वेळ थांबायला लागलाय.