गुणायचं की भागायचं?

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा लागला की बडोद्याच्या वर्तमानपत्रांत एक आकडा न चुकता येतो: सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी, 138.68 मीटर. एवढं मोठं धरण बांधणाऱ्यांना सरळ 138 किंवा 140 का सुचलं नाही? ते अडुसष्ट सेंटिमीटर कुठून चिकटले?

उत्तर असं आहे, की नर्मदा जलविवाद लवादाने 1979 साली ही पातळी फुटांत ठरवली होती, 455 फूट. चांगला गोल आकडा. एका फुटात 0.3048 मीटर असतात. तेव्हा 455 गुणिले 0.3048 केलं की 138.68 मिळतात. मोजमापाचा एखादा आकडा असा वेडावाकडा दिसला की मला लगेच शंका येते, हा दुसऱ्या कुठल्यातरी एककात गोल असणार. बहुतेक वेळा असतोच.

आता माझा मुद्दा. मी आत्ता गुणलं. भागलं का नाही?

शाळेत एकक बदलायच्या गणिताशी मुलं अडतात ती इथेच. मग आपण त्यांना ठोकताळा देतो: मोठ्या एककातून लहानात जाताना गुणायचं, लहानातून मोठ्यात जाताना भागायचं. फुटाचे मीटर करताना मी गुणलं, पण 0.3048 ने, म्हणजे उत्तर लहान झालं. झाला ना गोंधळ? हा ठोकताळा मला कधीच आवडला नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो आठवतो आणि परीक्षेत उलटा आठवतो. यापेक्षा भरवशाची एक रीत आहे. तिच्यात काही लक्षात ठेवावं लागत नाही, फक्त एक शिस्त पाळावी लागते: आकड्याबरोबर त्याचं एककही लिहायचं, आणि अंश-छेदात आकडे जसे कापतो, तशीच एककंही कापायची.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. लिहा, 455 फूट. त्याच्यापुढे गुणिले, आणि एक अपूर्णांक: वर 0.3048 मीटर, खाली 1 फूट. वरची लांबी आणि खालची लांबी एकच आहे, म्हणून या अपूर्णांकाची किंमत बरोबर एक. एकाने गुणलं तर काही बदलत नाही. धरण तेवढंच राहतं, फक्त आकड्याचे कपडे बदलतात. आता आधीचा फूट वर आहे आणि अपूर्णांकातला खाली. कापा दोन्ही. उरला मीटर. काम झालं.

आणि मुद्दाम उलटं करून बघा. अपूर्णांक पालथा घाला: वर 1 फूट, खाली 0.3048 मीटर. त्याचीही किंमत एकच आहे, तोही खोटा नाही. पण आता फुटाला फूट कापत नाही, दोन्ही वरच राहतात. उत्तर येतं सुमारे 1493 चौरस फूट भागिले मीटर. धरणाची पातळी चौरस फूट भागिले मीटर? कागदच सांगतो की बाई, अपूर्णांक उलटा धरलास. नुसते आकडे लिहिले असते तर 1493 हे उत्तर निमूटपणे वहीत बसलं असतं.

एका अपूर्णांकात भागत नसेल तर तीन लावा, चार लावा, मालगाडीच्या डब्यांसारखे. आपल्या जवळून जाणारा नर्मदेचा मुख्य कालवा घ्या. त्याच्या मुखाशी वहनक्षमता आहे 40,000 क्युसेक, म्हणजे सेकंदाला 40,000 घनफूट. क्युसेक हा शब्द आपण पुराच्या बातम्यांत सारखा ऐकतो, पण डोळ्यांपुढे चित्र येत नाही. लिटरमध्ये येतं. एका घनफुटात 28.3 लिटर. म्हणून 40,000 घनफूट प्रतिसेकंद गुणिले 28.3 लिटर प्रति घनफूट. घनफूट कापले गेले, राहिले सेकंदाला साधारण 11 लाख 32 हजार लिटर. आता सोसायटीत येतो तो 10,000 लिटरचा टँकर धरा. लिटर पुन्हा कापले, आणि उरले सेकंदाला 113 टँकर. दर सेकंदाला! याच कालव्याची क्षमता कागदोपत्री 1133 घनमीटर प्रतिसेकंद अशीही लिहिलेली आढळते. तो आकडा असा विचित्र का, हे आता तुम्हीच ओळखा.

पाणीपुरवठ्याच्या बातमीत दिवसाला अमुक दशलक्ष लिटर असं येतं आणि धरणाच्या बातमीत क्युसेक. जोडायचं असेल तर सेकंदाचा दिवस करा: दिवसात 86,400 सेकंद. एक क्युसेक म्हणजे दिवसाला जवळजवळ साडेचोवीस लाख लिटर. एवढं एक पाठ असलं तरी पेपर वेगळा वाचता येतो.

फसगत सर्वांत जास्त होते ती जागेच्या व्यवहारात. मीटरमध्ये 3.28 फूट, हे सगळ्यांना माहीत. मग 100 चौरस मीटरच्या प्लॉटचे 328 चौरस फूट करणारे लोक असतात, आणि चांगले शिकलेले असतात. चौरस मीटर म्हणजे मीटर गुणिले मीटर. वर दोन मीटर आहेत, तर कापायला खालीही दोनच हवेत, म्हणजे 3.28 चा अपूर्णांक दोनदा लावायचा. उत्तर 1076 चौरस फूट. त्याला 9 ने भागलं की आपल्याकडच्या दलालाच्या भाषेत जवळपास 120 वार, म्हणजे चौरस यार्ड. घनफळाला तोच अपूर्णांक तीनदा. विघा या जमिनीच्या मापाबाबत मात्र ही रीतही हात टेकते, कारण विघा गुजरातभर एक नाही: सौराष्ट्रात 16 गुंठ्यांचा, इकडे साडेतेवीस गुंठ्यांचा धरतात. तिथे आधी विचारायचं, कुठला विघा? मग गणित.

एककं लिहिली की कधीकधी सूत्रही शोधावं लागत नाही. स्कूटरला किलोमीटरमागे किती रुपये पडतात ते काढायचंय. तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत: पेट्रोलचा दर, रुपये प्रतिलिटर, आणि ॲव्हरेज, किलोमीटर प्रतिलिटर. हवं काय? रुपये प्रतिकिलोमीटर. लिटर जायला हवा, आणि तो दोन्हीकडे छेदात आहे. म्हणजे भागाकारच करावा लागणार. दर 100 रुपये आणि ॲव्हरेज 50 असेल तर 2 रुपये. गुणायचं की भागायचं हे एककांनीच ठरवलं.

आता जरा गंभीर गोष्ट. 23 जुलै 1983. कॅनडात माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं एअर कॅनडाचं बोइंग 767. टाकीतलं इंधन दाखवणारी यंत्रणा बंद होती, म्हणून पट्टी घालून इंधन मोजलं: 7,682 लिटर. प्रवासाला हवं होतं 22,300 किलो. लिटरचे किलो करायला घनता लागते. कागदावर आकडा होता 1.77. एकक? लिहिलेलं नव्हतं. त्यांनी गुणलं, 13,597 आले, ते किलो समजले. कमी पडणारे 8,703; त्याला पुन्हा 1.77 ने भागून सुमारे 4,900 लिटर भरून घेतले आणि विमान उडालं.

पण 1.77 म्हणजे लिटरमागे पौंड. किलोचा आकडा 0.8 च्या आसपास असतो. कॅनडात तेव्हा मेट्रिक पद्धत नवी येत होती. त्या कंपनीची जुनी विमानं पौंडांत चालायची, हे नवं विमान किलोत. खरं तर जवळजवळ 20,000 लिटर भरायला हवे होते. गुणाकार बरोबर, वजाबाकी बरोबर, भागाकारही बरोबर. एकाहून जास्त जणांनी ते तपासलंसुद्धा. विमानात 22,300 पौंड इंधन होतं, म्हणजे हव्या त्याच्या निम्म्याहूनही कमी. सुमारे 41,000 फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं एकामागून एक बंद पडली. वैमानिक बॉब पिअर्सन यांना ग्लायडर उडवायचा सराव होता. त्यांनी ते अजस्र विमान तरंगत तरंगत गिमली गावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, आणि सगळे वाचले. 1.77 च्या पुढे कुणी 'पौंड प्रतिलिटर' एवढं लिहिलं असतं, तर किलोला कापायला किलो सापडला नसता आणि गणित तिथल्या तिथे अडलं असतं.

ही रीत कुठे चालत नाही तेही सांगते. जिथे शून्यच वेगळं असतं, तिथे. बडोद्याजवळच्या अजवा सरोवराची पातळी 212 फूट झाली आणि शहरातल्या विश्वामित्री नदीची 20 फूट, असं एकाच बातमीत येतं, पण अजव्यात काही दोनशे फूट खोल पाणी नसतं. तो आकडा समुद्रसपाटीपासूनचा आहे. नदीचा पुलावरच्या पट्टीवरचा. एकक एकच, तरी एकातून दुसरा वजा करून काही हाती लागणार नाही.

तापाचं तसंच. अंश सेल्सिअसला नुसतं 1.8 ने गुणून फॅरेनहाइट मिळत नाही, वर 32 मिळवावे लागतात. 38 चे 100.4 होतात. मात्र ताप किती चढला, असं विचारलं तर ते 32 मिळवायचे नाहीत. सकाळी 37 होता आणि संध्याकाळी 39, तर चढला 2 अंश सेल्सिअस, म्हणजे 3.6 अंश फॅरेनहाइट. घरात जुना पाऱ्याचा आणि नवा डिजिटल असे दोन थर्मामीटर असतील, तर डॉक्टरांना फोनवर आकडा सांगताना कुठल्या अंशात तेही सांगा. 'दोनने वाढलाय' एवढ्यावर त्यांनी काय समजायचं?