ड्रम धुताना हळू का फिरतो?

पुढून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन घ्यायला गेलं की आपली नजर पुढच्या एका आकड्यावर जाते. १०००, १२००, १४००. जास्त फेरे म्हणजे जास्त स्वच्छ, असं कुणीतरी सांगतं आणि आपण मान डोलावतो. आज मला मुख्यतः एवढंच सांगायचंय की तो आकडा धुण्याचा नाहीच. तो पिळण्याचा आहे. धुताना हेच मशीन मिनिटाला जेमतेम ४० ते ५५ फेरे घेतं, आणि मुद्दाम तेवढेच घेतं.

का ते बघू. ड्रमचा व्यास ४८ सेंटिमीटर धरा, म्हणजे त्रिज्या २४. ड्रम फिरू लागला की आतली पाती कपड्याला उचलून वर नेतात. फिरण्यामुळे कपडा भिंतीला दाबला जातो, गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं. मिनिटाला सुमारे ६१ फेरे झाले की या दोघांची बरोबरी होते. त्यापुढे कपडा अगदी माथ्यावर पोचला तरी भिंत सोडत नाही. पोस्टरासारखा चिकटून नुसता गरगरत राहतो. घासणं नाही, पडणं नाही, मळ तिथल्या तिथे.

आता ड्रमचं तोंड म्हणजे घड्याळाची तबकडी आहे आणि ड्रम काट्यांच्याच दिशेनं फिरतोय असं समजा. ४० फेऱ्यांना कपडा दहाच्या किंचित अलीकडे सुटतो आणि घरंगळत खाली येतो. ५० ला साडेदहाच्या आसपास सुटतो, हवेतून जातो आणि समोरच्या बाजूला खाली धप्पकन आपटतो. ५५ ला पावणेअकरा. हे कागदावरचं गणित आहे बरं का. ओल्या गठ्ठ्यातले आतले कपडे भिंतीपासून लांब असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे पुढेमागे होतात. पण मुद्दा लक्षात येईल: धुणं होतं ते त्या पडण्यात. कपडा आपटला की त्यातलं पाणी धाग्यांमधून जोरात बाहेर पडतं, पुन्हा वर जाताना नवं साबणाचं पाणी आत शिरतं. दगडावर धुणं आपटणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवायला लागलं नव्हतं.

एकदा हे पडणं डोळ्यांसमोर आलं की बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. ड्रम कोंबून भरला तर कपड्याला पडायला जागाच उरत नाही, म्हणून वर हाताच्या पंजाएवढी फट ठेवायची. पावडर जास्त घातली तर फेसाची गादी तयार होते, आणि गादीवर पडून कुणाला मार लागत नाही. लोकरीच्या तंतूंवर खवले असतात, आपटले की ते एकमेकांत अडकून कपडा आटतो. म्हणून लोकरीच्या प्रोग्रॅमला ड्रम पाळण्यासारखा हलतो. हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञानं १९५९ मध्ये धुण्याची चार अंगं मांडली: रसायन, घासाघीस, उष्णता आणि वेळ. एक कमी केलं तर दुसरं वाढवावं लागतं. कमी तापमानाचा बचतीचा प्रोग्रॅम तीन-तीन तास का चालतो, याचं उत्तर त्यात आहे. मशीन आळशी नाही.

आता पिळणं. इथे हिशोब पार उलटा होतो, आणि धोकाही इथेच आहे. वेग दुप्पट केला की जोर चौपट होतो. आपल्या ड्रममध्ये १००० फेऱ्यांना भिंतीजवळचा कपडा स्वतःच्या वजनाच्या सुमारे २७० पट जोरानं बाहेर रेटला जातो, १४०० ला ५२५ पट. ड्रमची कड त्या वेळी ताशी जवळजवळ १२५ किलोमीटर वेगानं पळत असते, तुमच्या घरात, एका काचेच्या दारामागे.

समजा एका बाजूला अर्धा किलो ओलं कापड जास्त गोळा झालं. १४०० ला तो अर्धा किलो सुमारे २६० किलोच्या ओझ्यासारखा खेचतो, आणि ती ओढ सेकंदाला २३ वेळा दिशा बदलत फिरते. १९३७ मध्ये बेंडिक्स कंपनीनं अमेरिकेत पुढून कपडे टाकायचं स्वयंचलित मशीन आणलं, तेव्हा ते बोल्टनं जमिनीला जखडावं लागे. आज तेच काम टबाला बांधलेले काँक्रीटचे ठोकळे, वरच्या स्प्रिंगा आणि खालचे शॉक अ‍ॅबसॉर्बर करतात. मशीन उचलताना पाठ का धरते, ते त्या काँक्रीटला विचारा.

आणि मशीन थोडं शहाणंही असतं. पिळण्याआधी ते ड्रम मिनिटाला ८०-१०० फेऱ्यांवर नेतं, म्हणजे कपडे नुकते भिंतीला चिकटतील एवढ्यावर, आणि मोटरला झटके बसतायत का ते तपासतं. तोल बिघडलेला दिसला की थांबतं, कपडे विस्कटतं, पुन्हा प्रयत्न करतं. घड्याळात 'एक मिनिट बाकी' दिसतं आणि ते मिनिट वीस मिनिटं चालतं, तो हा प्रकार. मी एकदा बाथरूमची जाड चटई एकटीच टाकली होती. चार-पाच प्रयत्नांनंतर मशीननं हार मानली आणि चटई पाण्यानं थबथबलेली तशीच मला परत दिली. बिघडलं समजून मी मेकॅनिकला फोन लावणार होतो. दोन टॉवेल सोबत टाकले, काम झालं.

या शहाणपणाला चकवतं ते पाणी न शिरणारं कापड: रेनकोट, गादीचं प्लास्टिक अस्तराचं कव्हर. त्याच्या घडीत पाणी पिशवीसारखं साठतं. कमी वेगाला सगळं समतोल वाटतं, मशीन वेग वाढवतं, आणि मध्येच एक पिशवी फुटून तिथलं पाणी निघून जातं. एका क्षणात तोल गेला. मशीन जागचं उडी मारू शकतं, आतला टबही फुटू शकतो. असे कपडे मशीनमध्ये पिळायचेच नाहीत. तसंच, नवं मशीन आलं की मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे. ते राहिले तर स्प्रिंगा जखडलेल्याच राहतात आणि सगळा हादरा थेट सांगाड्याला बसतो.

एकानं चिठ्ठी पाठवली आहे: मग नेमका कितीवर पिळावं? सुती चादरी, टॉवेल १२०० ते १४००. शर्ट ८००, नाहीतर इस्त्री करताना घाम निघतो. १००० वरून १४०० वर गेलात की जोर जवळजवळ दुप्पट होतो, पण उरलेलं पाणी कोरड्या कपड्याच्या वजनाच्या साधारण ६० टक्क्यांवरून ५० वर येतं, बस. धाग्यांमधलं पाणी निघतं. धाग्याच्या आत मुरलेलं निघत नाही. मात्र पुढे ड्रायर लावणार असाल तर त्या दहा टक्क्यांनाही किंमत आहे, कारण एक लिटर पाण्याची वाफ करायला निदान ०.६ युनिट विजेएवढी उष्णता लागते. आणि हो, ड्रम थांबल्यावरही दार मिनिटभर उघडत नाही, अशी तक्रार दुसऱ्या चिठ्ठीत आहे. बऱ्याच मशीनमध्ये कुलपातली एक तापलेली पट्टी थंड व्हावी लागते, मगच खिटी सुटते. तेवढ्या वेळात ड्रम नक्की थांबलेला असतो. ओढू नका, टकटक आवाज येऊ द्या.