लांफूनचा पांढरा बैल

[दृश्य: पहाट. दोन्ही बाजूंनी उंच झाडं असलेला जुना रस्ता, गाडीच्या पुढच्या काचेतून.]

उत्तर थायलंडमधल्या चियांग माईहून लांफूनला जायचं असेल तर हमरस्ता सोडून हा जुना रस्ता धरावा. सव्वीस किलोमीटरचं अंतर. सुरुवातीला दोन्ही बाजूंना यांगची झाडं लागतात. सरळसोट, आभाळाला भिडलेली, शंभर वर्षांहून जुनी. मग एका ठिकाणी ती एकदम थांबतात, आणि त्यांच्या जागी बुटकी, दाट पानांची, पिवळ्या फुलांची झाडं सुरू होतात. ही झाडं आपल्या ओळखीची आहेत. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला लावतात तो काशीद. यांग संपला आणि काशीद लागला की चियांग माई प्रांत संपला, लांफून सुरू झाला. पाटी वाचावी लागत नाही.

सीमेच्या अलीकडे चियांग माई, मोठं शहर. विमानतळ, विद्यापीठ, जगभरातून आलेले प्रवासी आणि शहराच्या सातशेव्या वर्षाच्या नावानं बांधलेलं भलंमोठं स्टेडियम. सप्टेंबर 2023 मध्ये किंग्ज कप या थाई स्पर्धेसाठी भारताचा फुटबॉल संघ तिथंच उतरला होता. इराकशी 2-2 अशी बरोबरी केली आणि पेनल्टीवर हरला.

पलीकडे लांफून. उत्तर थायलंडमधला सगळ्यात लहान प्रांत, वस्ती चार लाखांच्या आसपास. लिचीसारख्या लोंगान फळाच्या बागा, एक औद्योगिक वसाहत, आणि लांफून वॉरियर्स नावाचा एक फुटबॉल क्लब. 2020 मध्ये हा क्लब देशाच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. आपण इथं आलोय तो त्याच्या त्या हंगामासाठी.

[दृश्य: हरिपुंजय विहाराचा सोनेरी स्तूप. मग गावातल्या भिंतीवर रंगवलेला पांढरा बैल.]

लांफूनचं जुनं नाव हरिपुंजय. मोन लोकांचं राज्य होतं हे, आणि परंपरा सांगते की त्याची पहिली राज्यकर्ती एक राणी होती, चामदेवी. गावाच्या मधोमध जो सोन्याचा स्तूप दिसतो, त्याला आजही हरिपुंजयाचंच नाव आहे.

आणि हा बैल. लांफूनची पांढरी जात थायलंडभर मान्यता पावलेली. मे महिन्यात बँकॉकला राजाच्या उपस्थितीत नांगरणीचा सोहळा होतो, बीजमंगल म्हणतात त्याला, आणि त्यात नांगराला जुंपतात ते बहुधा लांफूनचे पांढरे बैल. नांगरून झालं की त्यांच्यापुढे सात गोष्टी मांडतात: भात, मका, कडधान्य, तीळ, गवत, पाणी आणि मद्य. बैल कशाला तोंड लावतो त्यावरून वर्षाचं पीकपाणी सांगतात. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावणाऱ्या माणसाला हे परकं वाटणार नाही. थाई भाषेत बैलाला म्हणतात ‘खो’. तो आपला संस्कृतातला ‘गो’. आणि लांफून वॉरियर्सचं टोपणनाव आहे पांढऱ्या बैलांचा राजा.

क्लबला टोपणनाव देताना लोकांनी आपल्या गोठ्याकडे पाहिलं. मला या संघाबद्दल जे वाटतं ते इथूनच सुरू होतं.

[दृश्य: गुणतक्ता पडद्यावर. एकेक नाव ठळक होत जातं.]

थायलंडच्या लीगचे गुणतक्ते मराठी माणसानं एकदा मोठ्यानं वाचून पाहावेत. चैयाफूम म्हणजे जयभूमी. उथाई थानी म्हणजे उदयधानी. सुखोथाई, सुखोदय. बुरीराम, रम्य पुरी. कांचनाबुरी तर सांगायलाच नको. बँकॉकचा एक जुना क्लब आहे, त्याचं नाव राजप्रजा. उच्चार बदललेत, शेवटची अक्षरं गिळलीत, पण कान देऊन ऐकलं की शब्द हाती लागतो.

आणि राजप्रजा सोडला तर ही सगळी गावांची, प्रांतांची नावं आहेत. ही गोष्ट साधी वाटते, पण ती मिळवायला थाई फुटबॉलला अनेक दशकं लागली.

1916 पासून इथं राजाच्या नावाचे चषक खेळले जात. 1996 मध्ये पहिली राष्ट्रीय लीग झाली, त्यात 18 संघ होते आणि जिंकला तो बँकॉक बँकेचा संघ. बँक, पोलीस, लष्कर, वीज मंडळ, सगळे खात्यांचे संघ, आणि जवळजवळ सगळे राजधानीतले. आपल्याकडे एअर इंडिया, महिंद्रा, मुंबई पोलीस असे संघ होते, तसंच. खेळाडूला नोकरी मिळायची, पगार वेळेवर व्हायचा. फक्त स्टँड रिकामे असायचे. वीज मंडळाच्या विजयासाठी कोण घसा फोडून ओरडणार?

प्रांतांची वेगळी लीग 1999 पासून समांतर चालली होती. 2007 मध्ये दोन्ही एकत्र झाल्या, आणि त्याच वर्षी समुद्रकाठच्या चोनबुरीनं विजेतेपद नेलं. मग 2009 मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या दबावाखाली नियम आला की क्लब म्हणजे स्वतंत्र कंपनी हवी. खात्यांचे संघ एकेक करून विकले गेले, हलवले गेले, नावं बदलली. 2008 चा विजेता वीज मंडळाचा संघ राजकारणी नेविन चिडचोब यांनी घेतला आणि बुरीरामला नेला. आज थायलंडचा सगळ्यात बलाढ्य क्लब तोच.

त्याच 2009 मध्ये खाली प्रादेशिक लीग सुरू झाली. पाच विभाग, आणि ज्या प्रांतांनी कधी राष्ट्रीय सामना पाहिला नव्हता तिथं दर आठवड्याला सामना. कोल्हापुरात पेठेच्या संघासाठी शाहू स्टेडियम कसं पेटतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला हा फरक समजावून सांगायला नको.

स्वप्नही त्याच सुमाराला डोळ्यांसमोर उभं राहिलं. मुआंगथोंग युनायटेड 2007 मध्ये तळाच्या श्रेणीत पहिला आला, 2008 मध्ये मधल्या श्रेणीत, आणि 2009 मध्ये देशाचा विजेता झाला. तीन वर्षं, तीन पायऱ्या. तेव्हापासून प्रत्येक लहान क्लबचा अध्यक्ष हंगामाच्या सुरुवातीला ह्याच तीन पायऱ्या मोजतो.

[दृश्य: दुपार. प्रांताचं मैदान. सामन्याआधीची तयारी.]

तिसऱ्या श्रेणीचं मैदान जवळून पाहू. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारखी जी प्रांतिक संस्था असते, बहुतेक मैदानं तिची किंवा सरकारी क्रीडा खात्याची. त्यामुळे गवताभोवती धावपट्टी असतेच, आणि प्रेक्षक व चेंडू यांच्यात तेवढं अंतर राहतं. एका बाजूला छप्पर असलेला स्टँड, समोर उघड्या सिमेंटच्या पायऱ्या. तीन-चार वाजता त्या तापलेल्या असतात, म्हणून लोक वर्तमानपत्र नाहीतर चटई घेऊन येतात. फाटकापाशी कोळशावर मांसाचे गोळे काडीला टोचून भाजलेले, पिशवीत चिकट भात, आणि उत्तरेत असाल तर साय उआ, गवती चहा आणि मिरची घातलेलं सॉसेज. धूर स्टँडवर जातो. ढोल आधीच सुरू झालेला असतो.

खेळाडूंमध्ये एक-दोन ब्राझीलचे नाहीतर पश्चिम आफ्रिकेचे. गोल करायची जबाबदारी त्यांच्यावर. बाकीची मुलं आसपासची. कुणी मोठ्या क्लबच्या अकादमीतून उसना आलेला, कुणी वरच्या श्रेणीतून उतरलेला, पस्तिशीच्या घरातला बचावपटू, जो पळत नाही पण कुठं उभं राहायचं ते त्याला कळतं. खालच्या श्रेणीत पगार थकल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. प्रायोजक गेला, अध्यक्ष निवडणूक हरला, की क्लबचा श्वास अडकतो. हे मी दुरून सांगतोय म्हणून हलकं वाटू नये. करार दहा महिन्यांचा आणि पगार सहाच महिन्यांचा मिळाला, तर त्या खेळाडूच्या घरी काय होतं हे कुठल्याही गुणतक्त्यात दिसत नाही.

[दृश्य: नकाशा. सहा रंगांत सहा विभाग.]

2017 ते 2019 इथं चौथी श्रेणीही होती. 2020 मध्ये ती तिसरीत मिसळली आणि देशाचे सहा विभाग झाले: उत्तर, ईशान्य, पूर्व, पश्चिम, दक्षिण आणि बँकॉक. कारण उघड आहे. हा देश वरपासून खालपर्यंत सोळाशे किलोमीटरच्या घरात लांब. तिसऱ्या श्रेणीच्या क्लबला विमान परवडत नाही, तो बसनं जातो. दक्षिण विभागात अंदमान समुद्राकाठच्या क्राबीनं आखाताकाठच्या पत्तानीला जायचं, म्हणजे किनारा बदलायचा. उत्तरेत डोंगर आडवे येतात.

सहा विभागांत मिळून साठ-सत्तर क्लब. प्रत्येक विभागातले पहिले दोन पुढे जातात, म्हणजे बारा. त्यांचे दोन गट होतात, पुन्हा साखळी सामने, आणि त्यातून वर चढतात फक्त तीन.

साठ-सत्तरमधले तीन. विभागात पहिला येऊनही माणूस रिकाम्या हातानं घरी जाऊ शकतो. मला ही रचना निर्दय वाटते. वर्षभर आपल्या भागात सगळ्यांना हरवायचं आणि मग काही आठवड्यांत, कधीही न पाहिलेल्या संघांसमोर, सगळं पुन्हा सिद्ध करायचं.

[दृश्य: रिकामे स्टँड. गोलरक्षकाचा आवाज घुमतो.]

आणि तो हंगाम कुठला, तर 2020-21.

मार्च 2020 च्या सुरुवातीलाच वरच्या लीगचे सामने थांबले. महिना संपायच्या आत देशात आणीबाणी लागू झाली. बँकॉकच्या मुष्टियुद्धाच्या स्टेडियममधून संसर्ग पसरला होता, त्यामुळे खेळाच्या मैदानाकडे लोक भीतीनं पाहू लागले होते. लीग पुन्हा सुरू व्हायला सप्टेंबर उजाडला. याच काळात वेळापत्रकही उलटं झालं: आजवर फेब्रुवारी ते ऑक्टोबर चालणारी लीग आता पावसाळ्याच्या शेवटाकडून उन्हाळ्याकडे जाऊ लागली. डिसेंबरमध्ये बँकॉकजवळच्या समुत साखोनच्या कोळंबी बाजारातून दुसरी लाट उठली आणि नव्या वर्षात खेळ पुन्हा अडला. सुरू झाला तेव्हा स्टँड रिकामे होते.

वरच्या श्रेणीला टीव्हीचे पैसे असतात. तिसऱ्या श्रेणीचं घर चालतं ते तिकीट, टी-शर्ट, स्थानिक दुकानदाराचा फलक आणि अध्यक्षाचा खिसा यांवर. प्रेक्षक नाही म्हणजे यातले पहिले दोन गेलेच, तिसराही डळमळला.

रिकाम्या मैदानावर फुटबॉल वेगळा ऐकू येतो. चेंडूला बूट लागल्याचा आवाज येतो. गोलरक्षक बचावफळीला ‘बाहेर, बाहेर’ म्हणून ओरडतो ते शब्दन्‌शब्द कळतं. ढोल नसला की घरचं मैदान आणि परकं मैदान यात फरकच उरत नाही.

[दृश्य: करड्या धुरात बुडालेली सकाळ. डोंगर दिसत नाहीत.]

आणि उत्तरेत नव्या वेळापत्रकानं आणखी एक गोष्ट आणून ठेवली. फेब्रुवारी ते एप्रिल इथं जाळायचे महिने. शेतातली धाटं जळतात, डोंगरावरचं रान जळतं, आणि चियांग माई-लांफूनचं खोरं वाटीसारखं असल्यामुळे धूर तळाशी बसून राहतो. त्या दिवसांत इथली हवा जगातल्या सगळ्यात वाईट हवांमध्ये मोजली जाते. डोळे चुरचुरतात, घशात राखेची चव राहते. शहाणा माणूस खिडक्या लावून घरात बसतो. हंगामाचा निर्णायक भाग आता नेमका याच महिन्यांत येतो, आणि अकरा जण त्यात नव्वद मिनिटं पळतात.

लांफून पळालं. उत्तर विभागातून पुढच्या फेरीत आलं, बारा संघांत टिकलं, आणि अखेर तिसऱ्या श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी घेतलं. उपविजेता झाला मुआंगकान युनायटेड, म्हणजे कांचनाबुरी. तिसरी जागा बँकॉकच्या राजप्रजाला. पांढरा बैल, सोन्याची नगरी आणि राजाची प्रजा असे तिघं मिळून दुसऱ्या श्रेणीत गेले.

[दृश्य: काशीदच्या सावलीतला रस्ता, संध्याकाळ.]

नव्यानं वर आलेला संघ पहिल्या वर्षी जीव वाचवतो, अशी रीत. लांफूननं 2021-22 मध्ये दुसरी श्रेणीही जिंकली. दोन हंगामांत दोन विजेतेपदं, आणि थेट पहिल्या श्रेणीत, बुरीरामसमोर.

त्यांच्या मागून उथाई थानी आलं. साकेक्रांग नदीवर तरंगत्या घरांत जिथं लोक अजून राहतात, ते गाव. 2021-22 ला तिसऱ्या श्रेणीचं विजेतं, आणि पुढच्याच हंगामाअखेर तेही पहिल्या श्रेणीत. म्हणजे मुआंगथोंगच्या पायऱ्या अजून शाबूत आहेत.

लांफून जेव्हा वर चढत होतं, त्याच 2021-22 च्या हंगामात पहिल्या श्रेणीतून तीन संघ खाली आले. सुफानबुरी, समुत प्राकान सिटी, आणि तिसरा चियांग माई युनायटेड.

2022 च्या ऑगस्टमध्ये नवा हंगाम लागला तेव्हा ह्या सव्वीस किलोमीटरच्या रस्त्यावर यांगच्या बाजूचा संघ दुसऱ्या श्रेणीत होता, आणि काशीदच्या बाजूचा पहिल्या. लोंगानचा हंगामही ऑगस्टचाच. रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून बायका बसल्या होत्या.

[दृश्य: टोपलीतली फळं. दूर कुठंतरी ढोल. पडदा काळा होतो.]