पुस्तक मिटल्यावर

[दृश्य: पंचवटीतलं घर. तिन्हीसांजा. देवापुढे निरांजन.]

दिवेलागण झालीय. गल्लीतून दुचाक्या जातायत, शेजारच्या घरात कुकर शिट्ट्या देतोय. आठवीतली एक मुलगी इतिहासाचं पुस्तक मिटून बसलीय. पुढ्यात कोरा कागद. धडा तिने दुपारीच वाचलाय. आता पुस्तक न उघडता जेवढं आठवेल तेवढं लिहायचंय.

ती लिहिते: काळाराम मंदिर सत्याग्रह. नाशिक. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे तारीख हवी, तिथे पेन थांबतं. ती छताकडे बघते, ओठांतल्या ओठांत पुटपुटते आणि लिहिते: २० मार्च १९२७.

मग पुस्तक उघडून ताडून बघते. चुकलंय. ती तारीख महाडच्या चवदार तळ्याची. काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० रोजी. दोन्ही लढे बाबासाहेबांचे, दोन्ही मार्चमधले, त्यामुळे गल्लत झाली. ज्या मंदिरावरून रोज शाळेत जाते त्याचीच तारीख चुकावी, याचं तिला वाईट वाटलंय. ते चेहऱ्यावर दिसतंय.

हे मोजून अर्धं मिनिट. पेन अडलं, चूक झाली, लाल शाईने दुरुस्ती झाली. घरोघरी याला ‘अभ्यास झालेला नाही’ असं म्हणतात. मला मात्र मनापासून वाटतं, आज दिवसभरात तिचा खरा अभ्यास झाला तो याच अर्ध्या मिनिटात.

[दृश्य: अभ्यासिका. रांगेने टेबलं, खाली घातलेल्या माना.]

नाशकात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे. वाचणाऱ्यांचं हे गाव. आता गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत जागोजागी अभ्यासिका आहेत. आत डोकावलं तर बहुतेक टेबलांवर एकच चित्र दिसतं. उघडं पुस्तक आणि पिवळा हायलायटर. धडा एकदा वाचायचा, दुसऱ्यांदा वाचायचा, परीक्षेच्या आदल्या रात्री तिसऱ्यांदा. मीही शाळेत असंच केलं. पान ओळखीचं वाटायला लागलं की मन सांगायचं, झालं पाठ. आणि पेपर हातात पडला की ते पान डोळ्यांसमोर यायचं, कुठल्या कोपऱ्यात आकृती होती तेसुद्धा दिसायचं, पण त्यावर लिहिलेलं काय होतं ते येत नसे.

जुन्या नाशकातले बोळ आठवा. भद्रकालीतून सराफ बाजारात तुम्ही दहा वेळा रिक्षात मागे बसून गेला असाल. प्रत्येक वळण ओळखीचं. पण एकट्याने चालत जा म्हटलं, तर पहिल्याच तिठ्यावर पाय थबकतो. ओळख असणं वेगळं आणि रस्ता येणं वेगळं. वाचताना ओळख पक्की होते. आठवताना पायी चालावं लागतं.

ही गोष्ट मोजूनही पाहिलेली आहे. १९३९ साली हर्बर्ट स्पिट्झर या संशोधकाने अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सहावीच्या ३,६०५ मुलांना एक लेख वाचायला दिला. काहींची त्यावर लगेच छोटी चाचणी घेतली, काहींची उशिरा. काही आठवड्यांनी बघितलं, तर लगेच चाचणी दिलेल्यांच्या जास्त लक्षात होतं. मुलं आपल्या मुलीच्याच शाळकरी वयाची, म्हणून मला या प्रयोगाचं मोल फार वाटतं.

पुढे २००६ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी १२० विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एक उतारा सूर्यावर, एक समुद्री पाणमांजरावर. एक उतारा दोनदा वाचायचा. दुसरा एकदाच वाचायचा आणि मग कागदावर आठवेल ते लिहायचं. काहींना पाच मिनिटांनी विचारलं, तेव्हा दोनदा वाचलेल्या उताऱ्यातलं ८१ टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यातलं ७५ टक्के. म्हणजे वाचणं पुढे. दुसऱ्या काहींना आठवड्याने विचारलं. दोनदा वाचलेलं ४२ टक्क्यांवर घसरलं होतं. आठवून लिहिलेलं मात्र ५६ टक्के शिल्लक होतं.

आदल्या रात्रीचं वाचन सकाळच्या पेपरला का पुरतं आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यातलं काहीच का उरत नाही, ते या आकड्यांत आहे. याच संशोधकांना आणखी एक दिसलं. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्या लक्षात राहील याची खात्री सगळ्यात जास्त होती. मुलं आळशी नसतात हो. त्यांना खरोखरच वाटतं की आपल्याला येतंय.

[दृश्य: आजी वाती वळतेय.]

या मुलीची आजी निफाडकडची. तिला हे प्रयोग सांगितले तर ती म्हणाली, “म्हणजे परवचाच की!” दिवा लागला की भावंडं ओळीने बसायची. आधी शुभंकरोती, मग पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी. वडील समोर. पुस्तक कुणाच्याच हातात नाही. कुणी अडलं, तर वडील लगेच सांगायचे नाहीत. गप्प राहायचे. “तेवढ्यात यायचं बघ आपोआप,” आजी म्हणते.

पाठांतराला आपण घोकंपट्टी म्हणून नावं ठेवली, आणि त्यात चूक नव्हती. अर्थ न कळता शब्द रेटले, तर ते पेपरानंतर गळून पडतात. पण त्या फेकाफेकीत परवचाही गेला आणि त्यातला पुस्तक मिटण्याचा भाग गेला, याची मला खंत आहे. आधी समजून घ्यायचं. मग पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायचं. गणित असेल, तर सोडवलेलं उदाहरण वहीने झाकून स्वतः सोडवायचं. विज्ञान असेल, तर हृदयाची आकृती न बघता काढायची. सरतेशेवटी पुस्तक उघडून ताडून बघायचंच, नाहीतर चुकीचीच तारीख घट्ट बसते.

[दृश्य: जुन्या लग्नपत्रिका, कात्री, चिवड्याचा रिकामा डबा.]

आठवून बघायच्या या कामाला घरात साठलेल्या लग्नपत्रिकांचे कोरे तुकडे उत्तम. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. डब्यात पुठ्ठ्याचे कप्पे. उत्तर आलं की तो तुकडा पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, पुढचे कप्पे वाढत्या अंतराने. सेबास्टियान लाइटनर या पत्रकाराने १९७२ मध्ये जर्मन भाषेत मांडलेली ही युक्ती. त्याने पाच कप्पे सांगितले. आपल्या मुलीच्या डब्यात तीनच मावलेत, तरी काम चालतं. काळारामची तारीख आज पहिल्या कप्प्यात आलीय.

मधे दिवस जाऊ देणं इथे महत्त्वाचं आहे. थोडं विसरल्यावर आठवायला जोर लागतो, आणि तो जोरच कामी येतो.

वर्गातही हे जमतं. तास सुरू होताना पाच मिनिटं, पुस्तकं मिटलेली, कालचं तीन ओळींत. गुण द्यायचे नाहीत. गुण आले की भीती येते आणि मुलं शेजारच्या वहीत बघायला लागतात.

पण सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते आईवडिलांना. मूल अडलं की आपण दोनपैकी एक काहीतरी करतो. पटकन उत्तर सांगून टाकतो, नाहीतर “मग इतका वेळ काय वाचत होतास?” असं विचारतो. दोन्हींमुळे ते आठवणं तिथेच तुटतं. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. आजीचे वडील गप्प राहायचे, तसे गप्प राहा.

[दृश्य: बुधवार. गोदाघाटावरचा बाजार.]

एक आठवडा झालाय. मुलगी आईबरोबर बाजाराला निघालीय, हातात पिशवी. वाटेत काळाराम मंदिर, काळ्या दगडाचं. आई विचारते, “काय गं, इथे काय झालं होतं?”

“२ मार्च १९३०.” तारीख पहिल्या झटक्यात येते. मग ती चालता चालता सांगत राहते. सत्याग्रही आले तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद होते. लोक दरवाज्यांपाशी बसून राहिले. इथल्या लढ्याची धुरा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. आणि हे काही एका दिवसाचं नव्हतं, वर्षानुवर्षं चाललं.

“किती साली थांबलं मग?”

मुलगी थबकते. मेथीच्या जुड्यांसमोर, गर्दीत, तशीच उभी. आईला ठाऊक आहे, ती तोंड उघडते.

“थांब आई. सांगू नको.”