वाकडा अ‍ॅम्प्लिफायर, सरळ आवाज

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी माइक सुरू करताना शिट्टी वाजली, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "फीडबॅक आला." आला खरा. भोंग्यातला आवाज पुन्हा माइकात शिरला आणि दर फेरीला वाढत गेला. आज बोलायचंय ते त्याच्या सख्ख्या, पण उलट्या स्वभावाच्या भावाबद्दल. निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग परत आणून वजा करणं.

कॉलेजात असताना चरईतल्या आमच्या चाळीच्या गणपतीसाठी मी अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता. मोठ्या आवाजात आरती खणखणीत वाजायची. रात्री हळू आवाजात अभंग लावला, की बुवांचा घसा बसायचा. शेजारच्या आजी म्हणायच्या, "अरे, कॅसेट बदल." चार कॅसेटी बदलल्या. दोष माझ्या सोल्डरिंगच्या टेबलावर होता.

तेच सर्किट इथे मांडलंय. शेवटी दोन ट्रान्झिस्टर आहेत. एक आवाजाच्या विजेच्या लाटेचा वरचा भाग सांभाळतो, दुसरा खालचा. पण सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर साधारण ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय जागा होत नाही. सोसायटीतला दिवसाचा वॉचमन सातला घरी गेला आणि रात्रीचा सव्वासातला उगवला, तर मधली १५ मिनिटं गेटवर कोणीच नाही. तसंच हे. लाट उंच असली तर ही फट खपून जाते. हळू आवाजात मात्र गाणं कमी आणि फटच जास्त.

लाटेचा आकार दाखवणाऱ्या या पडद्यावर पाहा, लाट शून्यापाशी आली की पायरी पडते. आता एकच वायर हलवतो. ही फीडबॅकची वायर. ट्रान्झिस्टरांच्या आधी सिग्नल वाढवणाऱ्या ७४१ या चिपच्या दोन नंबरच्या पायाला जाते. तिचं दुसरं टोक मी तेव्हा चिपच्याच आउटपुटवर, सहा नंबरच्या पायावर जोडलं होतं. ते काढून ट्रान्झिस्टरांच्या पलीकडे, स्पीकरच्या बाजूला लावतो. गेली पायरी!

पण गेली कुठे? पडद्याला जोडलेली तपासणीची सुई, म्हणजे प्रोब, सहा नंबरवर ठेवतो. ही बघा, इथे लपलीय. शून्याजवळ आलं की चिपचं आउटपुट गपकन १.२ व्होल्टची उडी मारतंय. स्टिअरिंग ढिलं झालेली गाडी रोज चालवणारा ड्रायव्हर चाक कसं आधीच जास्त फिरवतो, तसंच. गंमत म्हणजे चिपला ट्रान्झिस्टरांची काहीच खबर नाही. हवं ते आणि मिळालं ते, एवढा फरक तिला दिसतो. तो हजारो पटींनी वाढवून ती पुढे ढकलते. आतला वाकडेपणा बाहेरच्या वाकडेपणाच्या बरोबर उलट होतो.

निगेटिव्ह फीडबॅक सुचला अमेरिकन इंजिनिअर हॅरॉल्ड ब्लॅकला, २ ऑगस्ट १९२७ रोजी, हडसन नदी ओलांडून बेल लॅब या टेलिफोनच्या संशोधनसंस्थेत कामावर जाताना. आपल्याला चौथ्या सीटवर जे सुचतं ते दादर येईपर्यंत विसरतो. त्याने बोटीत हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच आकृती काढली. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर एकामागून एक अ‍ॅम्प्लिफायर लागत, आणि प्रत्येकाची थोडीथोडी खरखर साचत जाई. त्याचं उत्तर उधळेपणाचं वाटावं असं होतं: गरजेपेक्षा कितीतरी जास्त गेन, म्हणजे सिग्नल जितक्या पटींनी वाढतो तो आकडा, तयार करायचा आणि फीडबॅकने मुद्दाम गमवायचा. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

हिशेब सोपा आहे. मूळ गेन १०,००० धरा आणि आउटपुटचा दहावा भाग परत आणून वजा करा. हाती उरतो ९.९९. आता मूळ गेन निम्मा, ५,००० झाला. हाती किती? ९.९८. वाकडेपणा म्हणजे तरी काय, लाटेच्या वेगवेगळ्या जागी गेन वेगवेगळा असणं. तो आत निम्म्याने घसरला तरी बाहेर हजारात एकाचा फरक. सगळी भिस्त आता दहावा भाग मोजणाऱ्या दोन रेझिस्टरांवर. मात्र तिथेच मापात पाप असेल, तर फीडबॅक ते पापही इमानदारीने स्पीकरपर्यंत पोचवतो.

आता फ्रिक्वेन्सी १० किलोहर्ट्झवर नेतो. पायरीचा कोपरा परत डोकावला ना? ७४१ ही सुस्त चिप. मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट, त्याहून जास्त पळत नाही. १.२ व्होल्टच्या उडीला दोन मायक्रोसेकंदांहून जास्त लागतात, आणि इथे अख्खी लाटच १०० मायक्रोसेकंदांची. फास्ट चिप घातली की सुटलं, असंही नाही. परत येणाऱ्या सिग्नलला उशीर झाला, की वजा व्हायचं ते मिळवलं जातं आणि मघाची शिट्टी सर्किटातच वाजते.

आवाज सप्लायच्या व्होल्टेजला टेकला की तर विषयच संपतो. चिप कितीही ढकलो, पुढे जागाच नाही. फीडबॅकवाल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लाटेचा माथा उलट जास्तच धारदार कापला जातो, कारण अगदी शेवटपर्यंत फीडबॅकने लाटेचा आकार बरोबर राखलेला असतो. चाळीतल्या पोरांना हे सांगून उपयोग नव्हता. मी व्हॉल्यूमच्या नॉबला आतून अडकण म्हणून एक स्क्रू बसवला. विसर्जनाची मिरवणूक मासुंदा तलावाशी पोचेपर्यंत तो कुणीतरी काढलेला होता.