गाडी इकानी शे का?

(जुन्या गाड्यांचे लिलाव आणि त्यांच्या किमती या विषयावर अमळनेरला झालेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

मंडळी, बाहेर निंबाखाली माझी फियाट उभी आहे, येताना तुम्ही बघितलीच असेल, दोघा-तिघांनी दरवाजा उघडून बसूनही बघितलं, आणि एका आजोबांनी तर मी आत यायच्या आधीच विचारलं, "भाऊ, गाडी इकानी शे का?" मी म्हटलं, नाही आजोबा. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मंग कितला इथीन?", म्हणजे विकली तर किती येतील? गेली पंधरा वर्षं मी ही गाडी घेऊन खान्देशात फिरतोय, धुळ्याला, शिरपूरला, चाळीसगावला, कुठंही थांबलो की हे दोन प्रश्न येतातच. आज त्या दुसऱ्या प्रश्नावरच बोलणार आहे, कारण त्याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही आणि लोकांना आकडाच हवा असतो.

२०२२ साली मे महिन्यात एक बातमी सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली, तुम्हालाही आली असेल, मर्सिडीजची एक जुनी गाडी साडेतेरा कोटी युरोला विकली गेली. आपल्या पैशात तेव्हा जवळपास अकराशे कोटी रुपये. दुसऱ्याच दिवशी मला पारोळ्याकडच्या एका मुलाचा फोन, दादा, आमच्या खळ्यात आजोबांची अँबेसेडर उभी आहे, टायर बसलेत पण बाकी चांगलीये, तिचे किती येतील? त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, एवढा मोठा आकडा वाचल्यावर कुणालाही आपल्या खळ्यातली गाडी आठवणारच. पण ती मर्सिडीज कोणती होती ते बघा.

ती १९५५ ची ३०० एसएलआर, उलेनहाउट कूपे म्हणतात तिला, रुडॉल्फ उलेनहाउट या इंजिनियरच्या नावावरून. अशा गाड्या दोनच बनल्या, दोनच! त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल मान्सच्या शर्यतीत भयंकर अपघात झाला, ८० च्या वर माणसं गेली, आणि तो सीझन संपल्यावर मर्सिडीजने रेसिंगच सोडलं, त्यामुळे ही बंद टपाची गाडी शर्यतीत कधी उतरलीच नाही, उलेनहाउट साहेबच ती कामावर यायला-जायला वापरायचे. दोन्ही गाड्या कंपनीने सांभाळून ठेवल्या होत्या, त्यातली एक विकली, तीही कंपनीच्या म्युझियममध्ये, मोजक्या लोकांना आमंत्रण देऊन, आणि आलेला पैसा तरुणांच्या शिष्यवृत्तीसाठी ठेवला. म्हणजे ज्या गाडीला बाजारच नाही, जी पुन्हा विकायला येईल याची कुणालाच खात्री नाही, तिचा तो आकडा. तो आपल्या अँबेसेडरला लावणं म्हणजे एखाद्या देवळाच्या मूर्तीवरच्या मुकुटाचा भाव काढून घरातल्या पाटल्या तोलण्यासारखं आहे.

आता लिलाव कसा होतो ते बघू, आणि ते समजायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही, इथं बसलेले निम्मे लोक बाजार समितीत जाऊन आलेले आहेत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मॉन्टेरेला एक १९६२ ची फेरारी २५० जीटीओ विकली, पेपरात आकडा आला ४ कोटी ८४ लाख डॉलर. पण हातोडा पडला तो ४ कोटी ४० लाखांवर! वरचे ४४ लाख ५ हजार डॉलर कसले? ती अडत. पहिल्या अडीच लाखांवर शेकडा १२ आणि त्याच्या वर शेकडा १०, हिशोब करून बघा, बरोबर जुळतो. आपल्याकडे २०१६ साली फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, तेव्हा किती वाद झाले आठवतंय ना, तर गाड्यांच्या लिलावात घेणाऱ्याकडून अशी अडत घेतातच, आणि पेपरात छापतात तो आकडा अडत धरून असतो. विकणाऱ्याच्या हातात किती पडले ते त्या आकड्यातून कळत नाही, त्याच्याकडूनही काही ठिकाणी कापून घेतात.

दुसरी गोष्ट राखीव किमतीची. विकणारा आधीच लिलाववाल्याला सांगून ठेवतो की एवढ्याच्या खाली द्यायची नाही, आणि तो आकडा समोरच्याला माहीत नसतो. बोली चढत जाते, लोक टाळ्या वाजवतात, आणि गाडी विकलीच जात नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत आपण हेच बघतो, दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो, अमुक घोड्याला कोटीची मागणी आली म्हणून फोटो येतात, आणि यात्रा उठल्यावर विचारलं तर घोडा मालकासोबत परत गेलेला असतो. मागितले किती आणि मोजले किती यात फरक आहे, जुन्या गाड्या जमवणारे जे मुरलेले लोक आहेत ते फक्त मोजलेले धरतात. २०१९ ला त्याच मॉन्टेरेत पोर्शेची टाइप ६४ आली होती, पोर्शे नाव लागलेल्या सगळ्यात जुन्या गाड्यांपैकी एक. बोलीचे आकडे ऐकण्यात घोळ झाला, इंग्रजीत थर्टीन आणि थर्टी सारखंच ऐकू येतं ना, आणि पडद्यावर आकडा चढत चढत ७ कोटी डॉलरवर गेला, लोक उभे राहून ओरडायला लागले, मग सांगितलं की हे १ कोटी ७० लाख आहेत. हॉलमध्ये आरडाओरडा झाला, आणि गाडी तशीच परत.

आणि आकडा चढतच राहतो असंही नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला एक १९६२ ची जीटीओ ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली, लिलावात विकलेली सगळ्यात महाग फेरारी म्हणून बातम्या आल्या. पण लिलावाच्या आधी अंदाज सांगितला होता ६ कोटींच्या वर! म्हणजे तोच आकडा एकाला विक्रम दिसतो आणि दुसऱ्याला बाजार थंडावल्याची खूण. विकणाऱ्याने ती १९८५ ला ५ लाख डॉलरला घेतली होती, म्हणजे शंभर पट झाले. इथं जळगावचे सोन्यातले लोक बसलेत, त्यांना सांगतो, डॉलरमध्ये धरलं तर तेवढ्या काळात सोनं साधारण सहा पट झालं. हे ऐकून कुणी उद्याच गाडी घ्यायला निघेल, म्हणून मधलं पण सांगतो. १९८९ च्या सुमाराला जपानमध्ये पैसा उतू जात होता तेव्हा याच जीटीओ १ कोटी डॉलरच्या पार गेल्या होत्या, आणि तो फुगा फुटल्यावर चार-पाच वर्षांत एक तृतीयांशाच्याही खाली आल्या. गाडी तीच, इंजिन तेच. ज्याने शेंड्यावर घेतली त्याचं काय झालं असेल विचार करा. आणि जगात या गाड्या बनल्याच ३६, त्यांची ही गत.

मग जाणकार माणूस पैसे कशाचे मोजतो? २०१५ मध्ये पॅरिसला बेयॉं घराण्याच्या गाड्यांचा लिलाव झाला, फ्रान्सच्या खेड्यात शेडखाली पन्नास-साठ गाड्या वर्षानुवर्षं पडून होत्या. त्यात एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर, जुन्या मासिकांच्या ढिगाऱ्याखाली सापडली, आणि लिलाववाल्यांनी ती पुसली पण नाही, धुळीसकट उभी केली. १ कोटी ६३ लाख युरो आले! ती गाडी कधीकाळी नट अलां दलों यांच्याकडे होती, तेही धरा, पण लोकांना ती धूळ हवी होती, कारण धूळ आहे म्हणजे कुणी हात लावलेला नाही, पत्रा मूळचा, रंग मूळचा, इंजिनावरचे नंबर मूळचे.

हे मला कळायला फार उशीर झाला आणि त्याची किंमत मी मोजलीये, ते सांगतो.

आमच्या आप्पांची ही १९६८ ची फियाट ११०० डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली. आप्पांचा कापसाचा धंदा, त्या काळी गाडीला नंबर लावून वर्षं-वर्षं वाट बघावी लागायची, आप्पांनी पाच वर्षं बघितली असं आई सांगायची. आप्पा गेल्यावर गाडी उभी राहिली आणि मग मी, तेव्हा पेट्रोल महाग झालं होतं आणि सगळेच करत होते, एका गॅरेजमध्ये नेऊन तिच्यात डिझेल इंजिन टाकलं. गॅरेज कुठलं ते सांगत नाही. मूळ इंजिनाचं काय करू म्हणून त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही, पंधरा दिवसांनी गाडी आणायला गेलो तेव्हा ते भंगारात गेलेलं होतं, किलोच्या भावाने. सीटचं मूळ रेक्झिन फाडून टाकलेलं, आणि बंपरच्या वर कुठं गंज होता तिथं खरवडायच्या ऐवजी बोटभर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरून रंग मारलेला. मला तेव्हा गाडी चकाचक दिसली, मी खूश होतो.

चार वर्षांनी मुंबईहून एक गृहस्थ आले, जुन्या गाड्या जमवणारे, आमच्या ओळखीतूनच. बाहेरून गाडी बघितली, खिशातून एक छोटं लोहचुंबक काढलं आणि दरवाजाच्या खालच्या कडेवरून फिरवत गेले, जिथं पत्रा आहे तिथं चिकटायचं आणि जिथं लांबी आहे तिथं घसरून पडायचं. तीनदा पडलं. मग बॉनेट उघडलं. माझ्या हातातलं आरसी बुक घेतलं, त्यातला इंजिन नंबर एकदा वाचला, इंजिनाकडे बघितलं, काही बोलले नाहीत, बॉनेट हळूच, दोन्ही हातांनी दाबून बंद केलं. आधी फोनवर सहा लाख म्हणाले होते, जाताना अडीच म्हणाले. मला राग पैशाचा नव्हता आला, विकायची तर मला नव्हतीच. आप्पांच्या हाताखाली वीस वर्षं चाललेलं इंजिन मी किलोने जाऊ दिलं हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते आजही जात नाही मनातून.

नंतर मी कुर्ल्याच्या भंगार बाजारात तीन फेऱ्या मारून त्याच मॉडेलचं पेट्रोल इंजिन शोधून आणलं, जिथं गाडी जन्मली तिथलंच, आणि बुकात रीतसर नोंद करून घेतली. गाडी आता छान चालते. पण नंबर दुसरा आहे तो आहेच.

म्हणून त्या पारोळ्याच्या मुलाला मी किंमत सांगितली नाही, एवढंच म्हटलं की रंगवू नको, धुवायची तर साध्या पाण्याने धू, आणि घरात कागद शोध. २०२१ पासून सरकारने ५० वर्षांच्या पुढच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली आहे, मोटरसायकलींनाही चालते, म्हणजे कुणाकडे जुनी जावा किंवा राजदूत असेल तर ऐका. नवीन नोंदणी २० हजार, दहा वर्षांसाठी, नंबरात व्हीए अक्षरं येतात, पण ज्या गाडीची आधीची नोंदणी आहे तिला जुना नंबर ठेवता येतो, आणि हे फार मोलाचं आहे. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवता येत नाही. आणि अट काय, तर चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार नको. डिझेल टाकून बसलेले माझ्यासारखे किती असतील खान्देशात, त्यांनी मूळ इंजिन कुणाच्या गोडाऊनमध्ये पडलंय का ते आजच बघा, मिळालं तर घरी आणून गोणपाटात गुंडाळून ठेवा, बसवायचं नंतर बघता येईल.

कागदाचं म्हणाल तर हा डबा बघा, बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, आईच्या कपाटात होता. यात गाडीच्या डिलिव्हरीचं पत्र आहे, टॅक्सचे गोल टोकन आहेत, आप्पा जुनं टोकन काचेवरून काढून फेकायचे नाहीत, दोऱ्यात ओवून ठेवायचे, आणि पेट्रोलच्या पावत्या, मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं, 'धरणगाव, गाठी ४०', 'चोपडा, लग्न'. ते मुंबईचे गृहस्थ मागच्या वर्षी परत आले होते. गाडीकडे त्यांनी फार बघितलं नाही, अंगणात खुर्ची टाकून दोन तास हा डबाच वाचत बसले, आणि उठताना म्हणाले, आता अडीच म्हणणार नाही मी. किती म्हणतील ते मी विचारलं नाही.

डबा इथं टेबलावर ठेवतो, हात कोरडे करून बघा, टोकनचा दोरा कुजलाय, ओढू नका. आणि बाहेर बॉनेट उघडं ठेवलंय, ज्यांना इंजिन नंबर कुठं असतो ते बघायचंय त्यांनी चला माझ्यासोबत.